धाकटीची साक्ष

६ फेब्रुवारी

मला नंबर दिला! नाव नाही, नंबर. मनगटावर कागदी पट्टी आणि तिच्यावर आकडे. मी म्हटलं, "बाई, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. जन्मभर मी लोकांना नंबर लावून दिलेत. मला कोणी लावायची गरज नाही." नर्स हसली. मी हसण्यासारखं काही बोललेच नव्हते.

तर झालं सुरू. अल्झायमर. 'सुरुवातीचा' आहे, असं डॉक्टर म्हणतो, आणि अशा सुरात म्हणतो की जणू मला बक्षीस लागलंय. नव्या औषधाची चाचणी चाललीय. दर चार आठवड्यांनी जायचं, मोठ्या खुर्चीत आडवं व्हायचं, शिरेतून बाटली चढवून घ्यायची. निम्म्या लोकांच्या बाटलीत औषध, निम्म्यांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळतंय ते आम्हाला सांगत नाहीत. डॉक्टरलाही माहीत नसतं म्हणे! मला माहीत आहे. माझ्या वाट्याला मीठ.

शिवाय एक जोडीदार लागतो. मला रोज बघणारं, जवळून ओळखणारं माणूस. हे जाऊन सहा वर्षं झाली. चिरंजीव विमानाने यायच्या अंतरावर. उरलं कोण? खालच्या मजल्यावरची. माझी जाऊ — धाकटी.

तिला वेगळ्या खोलीत नेतात. दार लावतात. आणि माझ्याबद्दल विचारतात! मी विसरते का, तेच तेच बोलते का, हिशेब जमतो का, गॅस चालू राहतो का. मी बाहेर बाकावर. शाळेत मदर सुपीरियरच्या खोलीबाहेर बसवायचे ना, अगदी तसं. तेव्हा निदान मी काहीतरी केलेलं असायचं!

अर्ध्या तासाने बाहेर आली. चष्मा पुसत.

"काय विचारलं?"

"सांगायचं नाही म्हणाल्या, ताई."

"तू काय सांगितलंस?"

"तेही नाही सांगायचं."

चेहरा असा, की तोंडात लिमलेटची गोळी लपवलीय आणि बाई समोर उभ्या आहेत.

७ फेब्रुवारी

सुई टोचली तिथे निळं पडलंय. नक्की मीठच.

६ मार्च

दुसरी बाटली. धाकटी बरोबर उशी घेऊन आली होती. तिच्या पलंगावरची, फुलाफुलांची! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर नर्सला सांगते, "ताईंचे पाय गार पडतात, तो एसी जरा कमी करा." माझे पाय! चारचौघांत!

उशी मात्र बरी होती. झोप लागली.

जागी झाले तर ही समोरच्या स्टुलावर बसून बाटलीकडे टक लावून पाहत होती. थेंब मोजत असावी. म्हटलं, "अगं, बघून लवकर संपणार आहे का ती?" म्हणाली, "नाही, पण कोणीतरी बघायला नको का?"

ही घरात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. घाबरट. मी नोकरीवाली, इंग्रजी झाडणारी. तिला वाटायचं, मी तिला हसते. हसायचेच. आता दोघे भाऊ गेले. घर राहिलं — वर मी, खाली ती, मधे जिना. त्या जिन्याचा दिवा कोणी बंद करायचा यावरून आम्ही जितकं भांडलोय तितकं लोक इस्टेटीवरून भांडत नाहीत.

२४ मार्च

चहा पावडर संपली होती. जाऊन आणली. धाकटी दारातच उभी — "मला सांगायचंत ना!" का? मी काय पांगळी आहे?

३ एप्रिल

नर्स दर वेळी एक पाढा म्हणते. डोकं दुखतं का? गरगरतं का? चालताना तोल जातो का? मी म्हटलं, "तोल फक्त बोलताना जातो. तो लहानपणापासूनच." हिने खुर्चीमागून माझा खांदा दाबला. म्हणजे गप्प बसा. मला!

चहा पावडर संपली होती. येताना आणली.

१ मे

आज परीक्षा. दर तीन-चार महिन्यांनी घेणार आहेत. सकाळपासून धाकटीने डोकं खाल्लं. विषय एकच — आमच्या नळाचा. "ताई, काय धमाल झाली ना त्या दिवशी! तुमच्या मोरीतला नळ तुटला, तुम्ही 'अगं ये गं' म्हणून ओरडलात, मी पायात दोन वेगळ्या चपला घालून वर आले. प्लंबर आला, लाल टोपीवाला. टोपी भिजू नये म्हणून माझ्या डोक्यावर ठेवली!" टॅक्सीत हेच. लिफ्टमध्ये हेच. शेवटी म्हटलं, "मी होते तिथे! मला काय सांगतेस?"

परीक्षा घेणारी मुलगी — मी तिला प्रश्नवाली म्हणते — माझ्या नातीच्या वयाची. आधी हिला आत घेतलं, दार लावलं. मग मला. दहा शब्द वाचायचे, मग ते न बघता सांगायचे. सहा आले. घड्याळ काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटं. काढलं. काटे किंचित दारू प्यायल्यासारखे दिसत होते, पण होते जागेवर. मग विचारते, "गेल्या महिन्यात घरी काही विशेष घडलं?" मी धडाधड सांगितलं! नळ, चपला, लाल टोपी, ती कोणाच्या डोक्यावर. प्रश्नवाली खूश. मी तर दुप्पट.

डॉक्टर म्हणाला, "तुम्ही अगदी स्थिर आहात. घरच्यांचं म्हणणंही तेच आहे."

स्थिर! या वयात यापेक्षा गोड शब्द कुठला?

११ मे, रविवार

चिरंजीवांचा फोन. त्याला सांगितलं, स्थिर. तो ओरडलाच — "आई! म्हणजे तुला खरं औषध मिळतंय!"

मी म्हटलं, उगीच बडबडू नकोस. पण फोन ठेवल्यावर आरशासमोर जाऊन उभी राहिले. खरंच मिळत असेल?

वर्षभर त्याचा धोशा चाललाय — घर बंद कर, माझ्याकडे ये. त्याच्याकडे सगळं आहे. मोठी खोली, बाग, प्रेमळ सून. फक्त जिना नाही, आणि जिन्याखाली कोणी नाही. आज पहिल्यांदा म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी."

खाली जाऊन धाकटीला सांगितलं. इतकी हसली, इतकी हसली, आणि मग भांडी घासायला पाठ फिरवून उभी राहिली. भांडी घासलेलीच होती.

२६ जून

आजपासून मात्रा वाढवली. मीठ असेल तर मीठ वाढवलं. पण मला आता तसं वाटत नाही. मी स्थिर आहे.

१३ जुलै

डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१७ जुलै

डोकं. धाकटीने कपाळाला बाम चोळला. हात खरखरीत आहेत हिचे, पण हलके. "डॉक्टरांना सांगूया ताई?" मी म्हटलं, "खबरदार! डोकेदुखी म्हटली की बाटली थांबवतात. चालत्या गाडीतून कोणी उडी मारतं का?"

२४ जुलै

नर्सचा पाढा. डोकं दुखतं का? नाही. तोल जातो का? नाही. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती, मग जमिनीकडे. नर्सने तिला विचारलं, "घरी सगळं ठीक?" ती म्हणाली, "ठीक आहे सगळं."

शहाणी पोरगी.

२ ऑगस्ट

हे आत्ताच लिहिते. राग आवरत नाही.

चहा पावडर संपली म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. पुडा पुढे सरकवला आणि वर न बघता म्हणाला, "घेऊन जा आजी. संध्याकाळी जाऊबाई परत आणून देतीलच."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

त्याने वर बघितलं. चेहरा उतरला. "काही नाही... त्या म्हणाल्या होत्या, आजींना नाही म्हणू नका. त्या नेतात, मी परत आणते. तुमची काही तक्रार नाही ना?"

"कधीपासून?"

बिचारा पुड्यांची चळत नीट करायला लागला. ती नीटच होती.

घरी आले. फळीवरचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला.

३ ऑगस्ट

काल तशीच खाली गेले. ती मटार सोलत बसली होती. चहाचा पुडा तिच्या पुढ्यात आपटला. तिने पुड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मटार सोलतच राहिली.

"आणखी काय काय?"

"काही नाही ताई."

"सुपरवायझर होते मी! एका लाइनीवर किती जण बोलतायत ते मला श्वासावरून कळायचं. आणखी काय?"

मग हळूहळू निघालं. एकेक शेंग सोलावी तसं. गॅस — ती रोज सकाळी मी उठायच्या आत वर येऊन बघून जाते. दोनदा चालू होता. किल्ली — माझ्या किल्लीच्या चार किल्ल्या करून घेतल्यात, कारण मी हरवते. विजेचं बिल — मी दोनदा भरायला निघाले, तिने वाटेतून वळवून आणलं. भाजीत मीठ — मी तीन वेळा घालते, म्हणून ती "जरा चव बघते हं" करत येते आणि बटाटा टाकून जाते. मला वाटायचं, भुक्कड आहे मेली!

आणि नळ. नळ तुटला ते मला अजिबात आठवत नव्हतं. म्हणून सकाळपासून टॅक्सीपर्यंत तिने तो घोटून घेतला माझ्याकडून. प्रश्नवाली आधी तिला घरातली एखादी घटना विचारते आणि मग ती मला आठवते का ते बघते; म्हणून तिने नळच सांगायचा ठरवला होता. मी तिथे होते. मला काय सांगतेस म्हणाले तिला!

शेवटचं सांगायला ती तयार नव्हती. हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, जूनमध्ये एका सकाळी मी घरात नव्हते. सापडले बसस्टॉपवर. एक्स्चेंजच्या बसची वाट बघत. डबा घेऊन. डबा रिकामा होता. ती शेजारी येऊन बसली. मी तिला म्हणाले, "आज तू कशी काय? तुला नोकरी लागली का?" ती म्हणाली, "हो, आजच लागली." मग दोघी बसलो, आणि थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज सुट्टी आहे वाटतं, चला घरी." मी गेले तिच्याबरोबर.

मला यातलं काही आठवत नाही. एक अक्षरही नाही. दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं. फक्त डबा रिकामा होता हे ऐकून रडू आलं, का कोण जाणे.

मी स्थिर नव्हते. मला धाकटीने धरून ठेवलं होतं.

५ ऑगस्ट

बोलत नाही तिच्याशी. तिने भाजीची वाटी जिन्यात ठेवली. खाल्ली. वाटी धुऊन जिन्यात ठेवली.

६ ऑगस्ट

रात्रभर तळमळले. राग नक्की कशाचा ते शोधत. लपवलं याचा? छे. मीच डोकेदुखी लपवली. राग याचा, की त्या खोलीत जाऊन ती खोटं बोलली, आणि माझं जे काय होतंय ते कुठेच नोंदलं गेलं नाही. मी घसरले ते खरं घसरले! त्याची काही किंमत आहे की नाही?

सकाळी खाली गेले. "डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, त्या खोलीत काही बोलायचं नाही."

मी? कधी?

"गच्चीवर. कपडे वाळत घालताना."

आणि आठवलं! हे आठवलं — परवाचा नळ नाही, चाळीस वर्षांपूर्वीची दोरी आठवली, तिच्यावरच्या ओल्या चादरीसकट. सासूबाई एकेकीला स्वयंपाकघरात बोलवायच्या. दार लोटायच्या. "थोरली फोनवर माहेरी काय बोलते गं?" मग मला — "धाकटीचा हात पैशाला सैल आहे का गं?" हिचं मला, माझं हिला, दोघींचं दोन्ही मुलांना. आठ-आठ दिवस घरात धुसफूस. तेव्हा त्या गच्चीवर आम्ही ठरवलं. मीच ठरवलं, ती नुसती मान हलवत होती. त्या दाराआड गेलं की उत्तर एकच. "ठीक आहे सगळं." काहीही विचारोत. सासूबाई शेवटपर्यंत विचारत राहिल्या. उत्तर शेवटपर्यंत बदललं नाही.

आणि आता कोणी परकी बाई हिला खोलीत बोलावते, दार लावते, विचारते — "थोरली कशी आहे?"

ती पोर दुसरं काय म्हणणार!

७ ऑगस्ट

समजावलं. ती ऐकेना.

"मी नाही चुगली करणार."

"चुगली नाही ती! सासूबाई विचारायच्या आपल्याला भांडायला लावायला. ही विचारते औषध चालतं की नाही ते कळायला."

"तुम्हाला काढून टाकलं तर? मग तुमचा मुलगा तुम्हाला घेऊन जाईल."

अच्छा. असं आहे तर. मी खुर्चीवर बसले. ती उभी. एवढ्या वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना 'तू जाऊ नकोस' असं कधी म्हटलं नाही. आजही म्हटलं नाही. पण खोली त्याच वाक्याने भरली होती.

मग मी सुपरवायझरचा आवाज काढला. "हे बघ, मला मीठ मिळत असेल आणि तू सांगतेस थोरली ठणठणीत, तर मिठाच्या पाण्याला पदक मिळेल! आणि औषध मिळत असेल तर ते लोक माझ्यावरून ठरवणार, की याने बायका ठणठणीत राहतात. मग उद्या कोणीतरी दुसरी थोरली तेच चढवून घेईल आणि बसस्टॉपवर जाऊन बसेल. तिला धाकटी नसली तर?"

ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"सगळं सांगायचं?"

"सगळं."

"मिठाचंपण?"

"कुठल्या मिठाचं?"

"भाजीतल्या."

"...तेही सांग. पण तीनदा नाही, दोनदा म्हण."

"तीनदाच घालता ताई."

सुरुवात बरी झाली.

१४ ऑगस्ट

जिन्यात दाराच्या चौकटीला आपटले. डोकं ठणकतंय.

२१ ऑगस्ट

गेलो. बाटलीच्या आधी प्रश्नवाली. धाकटीला आत नेलं. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिला फासावर पाठवतेय. दार लागलं.

मी बाकावर. अर्धा तास. एक तास. इतका वेळ! काय उणीदुणी काढतेय ही! मनात आलं, दार ठोठावावं आणि म्हणावं, एवढंही नको सांगूस गं! बसून राहिले. हातात हात घट्ट धरून. त्या खोलीत माझा सगळा पसारा मांडला जात होता आणि मी बाहेर बसून त्याला मुभा दिली होती. इतकं धाडस मी आयुष्यात केलं नाही.

बाहेर आली ती रडून लाल. पाठोपाठ प्रश्नवाली, घाईघाईने, डॉक्टरच्या खोलीकडे.

"काय सांगितलंस?"

"सगळं."

"म्हणजे काय काय?"

"चहा, गॅस, बस. आणि पंधरा दिवस तुम्ही जिना उतरताना डावीकडे कलता. मी एक पायरी पुढे चालते, पडलात तर माझ्यावर पडाल म्हणून. आणि डोकं. महिनाभर दुखतंय आणि नर्सला तुम्ही नाही म्हणता. तेही सांगितलं."

ते सांगायला मी सांगितलं नव्हतं! बोलणार होते, तेवढ्यात डॉक्टर स्वतः आला. आज बाटली नाही म्हणाला. आधी मेंदूचा फोटो. आत्ताच्या आत्ता. दर तीन-चार महिन्यांनी काढतात तो, पुढचा ऑक्टोबरमध्ये होता.

मशीनमध्ये घालताना धाकटीने माझ्या कानातले काढून स्वतःच्या मुठीत धरले. परत येईपर्यंत मूठ उघडली नव्हती. तळहातावर त्यांचा ठसा उमटला होता.

२३ ऑगस्ट

मेंदूला सूज आहे. उजव्या बाजूला, मागे. थोडं रक्तही झिरपलंय. उतरेल म्हणतात, वेळेत सापडली. परवाची बाटली चढली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरने अर्ध्यावरच सोडलं. औषध माझ्यासाठी कायमचं बंद. मी विचारलं, "मिठाच्या पाण्याने अशी सूज येते?" तो म्हणाला, "अधिकृतपणे मला तुमच्या बाटलीत काय होतं ते माहीत नाही." मग चष्मा काढला आणि नुसती मान हलवली. नाही.

म्हणजे खरं औषध मिळत होतं. त्याच्यावरही मी घसरत होते, आणि तेच मला घेऊन चाललं होतं. मला वाचवलं ते धाकटीच्या चुगलीने!

टॅक्सीने निघालो. घराजवळ आल्यावर म्हणाली, "आता मला कोण बोलावणार त्या खोलीत? तुमच्याबद्दल कोण विचारणार?"

म्हटलं, "मी विचारीन. रोज सकाळी. तू मला सांगायचंस."